रेंज गेली की मन का जातं?



आजचं चिंतन : श्रीमद्‌भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

चार श्लोक एकत्र घेतेय, कारण चौघांचा विचार एकच आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधारावर होतं ते. शंकराचार्य इथे शरीर असा अर्थ घेतात. दुसरा कर्ता. तिसरी करणं, म्हणजे साधनं. चौथ्या नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष खटपट. आणि पाचवं दैव. माणूस शरीरानं, वाणीनं, मनानं जे काही करतो, बरं असो की वाईट, त्यात या पाचांचा वाटा असतो. इतकं सांगून झाल्यावर सोळाव्या श्लोकात भगवंत जरा कडक होतात. असं असतानाही जो एकट्या स्वतःलाच कर्ता धरतो, त्याला नीट दिसत नाही, असं ते म्हणतात.

या श्लोकाचा वेदान्ताचा अर्थ फार खोल आहे. शुद्ध आत्मा कर्ता नाहीच, इथपर्यंत तो जातो. तिथे जायची आज माझी तयारी नाही. आज मी हे चार श्लोक एसटीत घेऊन बसणार आहे.

कारण आपल्यातले बरेच जण आता प्रवासात काम करतात. मीही करते. नोकरी पुण्याची, घर अंबाजोगाईचं. महिन्या-दीड महिन्याला गावी जाणं होतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर मी एसटीच धरते. नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज असा रस्ता. दिवसभराचा प्रवास, त्यामुळे दिवसाची सुट्टी घेण्यापेक्षा खिडकीजवळची सीट घ्यायची, मांडीवर लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट चालू, आणि कामाला सुरुवात. पाटोद्याच्या आसपास बालाघाटाचे डोंगर लागतात. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते. पावसाळ्यात काय हिरवं असतं सगळं! पण मीटिंग चालू असली की ते हिरवं दिसत नाही. दिसतात फक्त फोनच्या कोपऱ्यातल्या दोन काड्या. मग एक काडी. मग काहीच नाही.

त्या क्षणी आत काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. फोन खिडकीबाहेर धरायचा. विमान-मोड चालू-बंद करायचा. अर्धा पाठवलेला मेसेज परत पाठवायचा. छातीत धडधड. बस तर तीच आहे, डोंगरही तेच, कुणी आपल्याला काही बोललेलं नाही. मग मन एवढं का हललं?

पाच कारणं इथे लावून बघू.

अधिष्ठान, माझं शरीर. ते घाटात हेलकावे खातंय, सकाळपासून नीट जेवलेलं नाही, वळणावर स्क्रीनकडे बघितलं की मळमळतंय. कर्ता, मी. करणं म्हणजे डोळे, हात, आणि त्यांच्या पुढे जोडलेला लॅपटॉप, फोन, बॅटरी. चेष्टा म्हणजे टाइप करणं, वाचणं, बोलणं, फाइल चढवणं. आणि दैव? दैव या शब्दाचा अर्थ आचार्यांनी वेगवेगळा लावलाय. शंकराचार्य इंद्रियांना चालवणाऱ्या देवता म्हणतात, रामानुजाचार्य थेट अंतर्यामी परमात्मा म्हणतात. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत दिसतं : कर्मात एक वाटा असा असतो, जो कर्त्याच्या हुकमतीत नसतो. घाटातली रेंज माझ्यासाठी त्या वाट्यात येते. ड्रायव्हरनं कुठे किती वेळ थांबायचं, पुढे ऊसाचा ट्रॅक्टर आडवा आला की काय होणार, हेही त्यातच.

आता बघा, सकाळी निघताना मी टीमला काय लिहिलेलं असतं? “प्रवासात आहे, पण दिवसभर ऑनलाइन असेन.” हे वाक्य आपण किती सहज लिहितो! या वाक्यात पाचही कारणं मी माझ्या एकटीच्या नावावर करून टाकलेली असतात. शरीर साथ देईल, बॅटरी टिकेल, रेंज राहील, रस्ता मोकळा मिळेल, सगळ्याची हमी मी दिलेली. रेंज जाते तेव्हा फक्त इंटरनेट जात नाही. जे माझं नव्हतंच ते माझं म्हणून सांगितलं होतं, हे उघडं पडतं. म्हणून मन हलतं. सोळाव्या श्लोकातलं ‘नीट दिसत नाही’ हे इथे लागू पडतं. काड्या मोजताना माणसाला नदी दिसत नाही आणि स्वतःची चूक हमीही दिसत नाही.

आपण शांत राहण्याचे उपाय शोधतो. कानात आवाज बंद करणारे हेडफोन, दीर्घ श्वास, मंत्राचं ॲप. हे वाईट नाही, मीही वापरते. पण हमीच चुकीची दिली असेल तर श्वास किती मोजणार? गीतेचा उपाय त्याच्या आधीचा आहे. निघण्यापूर्वी पाच वाटे वेगळे करा. जे माझ्याकडे आहे तेवढंच माझं म्हणून सांगा. “मी आठ ते दहा कामावर आहे. त्यानंतर डोंगराचा रस्ता आहे, संपर्क होईलच असं नाही. दुपारी केजला पोचल्यावर सगळं तपासून पाठवते.” हे वाक्य लिहायला थोडं धाडस लागतं, कारण त्यात आपण कमी कर्तबगार दिसतो. पण ते खरं असतं.

आता एक शंका. माझ्या मनात ती नेहमी येते. हे सगळं पळवाट तर नाही? पाचवं कारण दैव आहे म्हटलं की झालं, हात वर! “नेटवर्क नव्हतं” हे आपल्या पिढीचं सगळ्यात सोपं खोटं आहे. आजारी आहे म्हणायचं तर कुणी विचारपूस करतं, नेटवर्क नव्हतं म्हटलं की कुणी तपासत नाही. काम राहिलं, नेटवर्क. फोन उचलायचा नव्हता, नेटवर्क. आणि पलीकडे कुणीतरी खरंच आपली वाट बघत असतं. नवीन लागलेला मुलगा असतो, त्याला पुढचं काम कळत नसतं. तो तासभर रिकामा बसतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतो.

भगवंतांनी दैव पाचवं सांगितलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी चार आहेत. चारांचा हिशेब दिल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवायचा अधिकार नाही. रात्री चार्जिंग लावलं होतं का? लागणाऱ्या फाइल उतरवून घेतल्या होत्या का? पोटाला काही खाल्लं का? ज्याला माझी गरज पडेल त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं का? हे सगळं करून रेंज गेली, तर ते दैव. हे न करता रेंज गेली, तर तो माझाच वाटा आहे, फक्त त्याच्यावर दैवाचं नाव लिहिलंय.

दसरा झाल्यानंतरच्या एका फेरीत हाच हिशेब मला शेजारच्या सीटवर दिसला. तेव्हा मी अंबाजोगाईहून पुण्याकडे निघाले होते. केजला एक मावशी चढल्या. मोठं गाठोडं, एक पत्र्याची पेटी. त्यांची टोळी ट्रकमधून आधीच कारखान्याकडे गेली होती. मुलीला ताप आला म्हणून त्या दोन दिवस मागे राहिल्या होत्या. आपल्यापैकी जे बीडच्या बाहेरचे आहेत त्यांना सांगते, दरवर्षी पावसाळा संपला की या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती सगळा हंगाम राबून फेडायची.

माझा लॅपटॉप बघून मावशी म्हणाल्या, “ताई, एवढ्या हलत्या गाडीत तुमचं काम चालतंय व्हय?”

मी म्हटलं, “चालवावं लागतं मावशी. काम सोबतच असतं.”

त्या हसल्या. “तुमचं काम तुमच्यामागं फिरतंय. आम्ही कामामागं फिरतो.”

मांजरसुंबा सोडलं आणि थोड्या वेळानं माझी रेंज गेली. त्यांचीही गेली. मी फोन वर धरून बघत होते. त्यांनी त्यांचा साधा फोन एकदा बघितला, पिशवीत ठेवला. मुलगी नणंदेकडे होती. ताप उतरला की नाही, ते नणंद फोन करून सांगणार होती. मी विचारलं, “काळजी वाटत नाही?” त्या म्हणाल्या, “वाटती की. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या दिल्या, नणंदेपाशी पैसे ठिवले, शेजारणीला सांगून आले. आता फोन हातात धरून बसल्यानं डोंगर सरतोय का?”

चार वाटे त्यांनी एका दमात मोजून दाखवले. पाचवा सोडून दिला. या अध्यायावर मी जे वाचलंय त्यात इतकं सरळ मला कुठे सापडलं नव्हतं.

पण इथे थांबले तर ते खोटं होईल. मावशी शांत होत्या असं मी लिहू शकत नाही. त्यांचा हात सारखा त्या पिशवीवर जात होता. आणि मुळात तापातली मुलगी मागे ठेवून आईला सहा महिन्यांसाठी निघावं लागतं, हे दैव आहे का? पाऊस पडला नाही, हे एकवेळ दैव म्हणू. पण उचल फेडण्यासाठी जावंच लागणं, गावात हाताला काम नसणं, तोडणीच्या थळावर राहायला नीट जागा नसणं, यात माणसांचे वाटे आहेत. कुणाचे तरी चार वाटे भरायचे राहिलेत आणि त्यांची बेरीज मावशींच्या पाचव्या वाट्यात आलीय. दुसऱ्याच्या न केलेल्या कामाला आपण ‘तिचं नशीब’ म्हणू लागलो, तर गीतेचा श्लोक आपण उलटा वापरतोय. आपल्या अपयशाला दैव म्हणणं जितकं खोटं, तितकंच दुसऱ्याच्या हालांना दैव म्हणणंही खोटं. दुसरं जास्त वाईट, कारण त्याची किंमत आपण देत नाही.

म्हणून एकाग्रतेबद्दलही मला थोडं वेगळं वाटू लागलंय. लहानपणी सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली असते : द्रोणाचार्यांनी झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरायला लावला, आणि अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता. आपल्याला वाटतं, एकाग्रता म्हणजे हेच. बाण मारायला ती उपयोगी आहे. पण त्याच अर्जुनाला पुढे कुरुक्षेत्रावर भगवंतांनी एक डोळा दाखवला नाही. अठरा अध्याय लागले, विश्वरूप दाखवावं लागलं. बसमध्ये हेडफोन घालून, शेजारी कोण बसलंय हे न बघता, मी एक फाइल बिनचूक पूर्ण केली, तर ती पक्ष्याच्या डोळ्याची एकाग्रता झाली. तिची गरज असते, पगार त्याचाच मिळतो. पण शेजारी उभ्या म्हातारबाबांना टेकायला जागा देणं, कुणाच्या फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवणं, हेही त्याच प्रवासातलं कर्म आहे. आणि ते ऑनलाइन नसल्यामुळे कुठेच नोंदलं जात नाही. शांतता जर शेजाऱ्याला बंद करून मिळवलेली असेल, तर ती हेडफोनची आहे, माझी नाही. बॅटरी संपली की जाईल.

मग दोन्ही कसं सांभाळायचं? काम पूर्ण द्यायचं आणि आजूबाजूलाही असायचं?

मला उत्तर वारीत दिसतं. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला निघते, ती आमच्या परळी-अंबाजोगाईवरून जाते. लहानपणापासून बघतेय. शेकडो किलोमीटर चालायचं, आणि चालणं हीच साधना. तरी वारकरी अखंड एकाच गोष्टीला चिकटून नसतो. पहाटे काकडा, मग चाल, मग विसावा, परत चाल, संध्याकाळी हरिपाठ, मुक्काम, कीर्तन. प्रत्येकाची वेळ ठरलेली. चालताना चालायचं, विसाव्याला टेकायचं. विसावा आहे म्हणूनच इतके दिवस पाय चालतात.

आणि गीता स्वतः कुठे सांगितली गेली? एका वाहनातच, रथात. पण आधी अर्जुनानं भगवंतांना रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करायला सांगितला. रथ थांबला. मग बोलणं झालं. धावत्या रथात बाण सुटतात, उपदेश थांबलेल्या रथात होतो.

एसटीतही विसावे असतात. नगरला गाडी थांबते, जामखेडला थांबते. आता मी कामाचे दोन भाग करते. ज्याला रेंज लागत नाही ते, म्हणजे वाचणं, लिहिणं, तपासणं, विचार करणं, ते चालत्या गाडीत. ज्याला रेंज लागते ते, म्हणजे पाठवणं, बोलणं, उत्तरं देणं, ते गाडी थांबली की. आणि घाटाचा एक तुकडा मोकळा. लॅपटॉप बंद, कानातलं काढलेलं. त्या वेळात नामस्मरण होतं, कधी शेजाऱ्याशी बोलणं होतं, कधी नुसती झोप लागते. तीही प्रसादच समजायची!

आणखी एक माप आमच्या गावचं. दासोपंत (१५५१–१६१५) अंबाजोगाईचे. त्यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला, परंपरेनं सव्वा लाख ओव्यांचा. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी लिहिलेली ‘पासोडी’ प्रसिद्धच आहे. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात की लिहिण्यासाठी त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. मला हे माप फार आवडतं. किती लोकांनी वाचलं, कुणी काय म्हटलं, याचं ते माप नाही. आज किती शाई खर्ची पडली, एवढंच. शाई कर्त्याच्या आणि चेष्टेच्या वाट्यातली आहे. पोचणं, न पोचणं पुढचं.

फाइल पोचल्याची खूण दिसत नाही तोवर आपण बेचैन असतो. त्याऐवजी स्वतःला विचारून बघा : आजची शाई संपली का? संपली असेल तर डोंगर सरेपर्यंत खिडकीबाहेर बघायला हरकत नाही. संपली नसेल, तर रेंज असली काय आणि नसली काय, लिहायला बसा.

आजचा अभ्यास : पुढच्या वेळी प्रवासात काम करायचं असेल तेव्हा निघण्याआधी कागदावर पाच ओळी लिहा. शरीर, मी, साधनं, खटपट, दैव. पहिल्या चार ओळींसमोर तुम्ही काय केलंत ते लिहा. पाचवी ओळ रिकामी ठेवा आणि ती रिकामी आहे हे कामावरच्या माणसांना आधीच, खरं खरं सांगा. बसमध्ये बसल्यावर एकदा शेजारी कोण आहे ते बघा.

उद्या श्लोक १७. ज्याच्या ठायी ‘मी केलं’ हा भाव नाही त्याच्याबद्दलचा. अवघड श्लोक आहे, चुकीचा वापरलाही जातो. आजचे पाच वाटे लक्षात ठेवून या, म्हणजे उद्या सोपं जाईल.

रामकृष्ण हरी.